फळ्यावरचा वाघ

प्रिय उज्ज्वला,

अक्षर बघून नाक मुरडू नकोस. माझं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं, हे तू आमच्याकडे राहायला आलीस त्याच आठवड्यात सांगून टाकलं होतंस. बारावीनंतर मी लिहिलं ते किराण्याच्या चिठ्ठ्यांपुरतं. हे पत्र घेऊन आमचे हे, अर्पिताचे बाबा, दुपारच्या गाडीनं निघताहेत, महागावहून यवतमाळ आणि तिथून नेर. दिवेलागणीनंतर तुझ्या दारात येतील. त्यांना चहा दे, भाकर दे, पण काही विचारत बसू नकोस. ते बोलायला लागले की शेवट आधी सांगतात आणि मग गप्प होतात. जे झालं ते मीच ओळीनं लिहिते. मधे इकडचं तिकडचं येईल ते चालवून घे, कारण नुसतं मुद्द्याचं लिहायला बसले की हात थांबतो.

घर तुला ओळखू यायचं नाही इतकं शांत आहे. सकाळपासून बापू दारात खाट आडवी टाकून बसलेत. माझे सासरे म्हणजे तांड्याला फुलसिंग आणि तुला फुलसिंगबाबा, पण आज त्यांना कुणीच हाक मारत नाही असा त्यांचा चेहरा आहे. अर्पिता आत भिंतीकडे तोंड करून पडली आहे. दोघंही जेवली नाहीत. मी तुझ्याच खोलीत बसून लिहिते आहे. तुझी खोली आता कापसानं भरली, खिडकीच्या वर गेलाय ढीग. भिंतीवर तू चिकटवलेला जिल्ह्याचा नकाशा अजून आहे, पण वरचं तुझं नेर तेवढं दिसतं. आमचं महागाव कापसात बुडालं.

तुला तो पहिला शनिवार आठवत असेलच. तू आमच्या शाळेवर शिकवायला येऊन महिनाही झाला नव्हता आणि तांड्यातल्या झाडून सगळ्या फोनांवर एकच फोटो आला होता. डांबरी रस्त्याच्या मधोमध पाय पसरून बसलेला वाघ, खाली लिहिलेलं, महागाव रोड, आज पहाटे, सर्वांना पाठवा. शेजारच्या लालीबाईनं बकऱ्या घरात घेतल्या आणि नवऱ्याला ओसरीवर ठेवलं, ही गोष्ट तू नेरमध्येही सांगून हसवत असशील. तू तो फोटो वर्गात मोठा करून दाखवलास आणि पोरांना विचारलंस, यात महागाव कुठे दिसतं ते मला दाखवा. पोरं शोधायला लागली. रस्त्याकडेच्या दगडावरची अक्षरं आपली नव्हती. मागं नारळाची झाडं होती. मग फोटोवरून फोटो कसा शोधायचा ते तू शिकवलंस, आणि तो निघाला कितीतरी जुना, कुठल्याशा दक्षिणेकडच्या गावचा. शाळा सुटल्यावर पोरं तांडाभर ओरडत फिरली. अर्पिता घरी आली ती चप्पल न काढता चुलीपाशी येऊन सांगायला लागली. तिला इतकं खूश मी आधी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगते, मला तुझा थोडा हेवाही वाटला.

मग दर शनिवारी तुझा चौकशीचा तास सुरू झाला. कुणी सांगितलं, त्याला कुणी सांगितलं, पहिल्यांदा कुठे छापून आलं, कधी आलं, आणि त्यात त्याचा काय फायदा. पोरं आम्हालाही सोडेनात. मी म्हणावं, आज पाऊस येणार म्हणतात, की अर्पिता विचारायची, कोण म्हणतं? तू त्यांना एक वाक्य पाठ करून दिलं होतंस, ऐकलेल्यावर थांबू नका, मुळाशी जा. ते तिनं घराच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवलंय, अजून आहे. आणि मग तुझा तो फळा. शाळेतला टाकून दिलेला, एका कोपऱ्यात तुटलेला फळा देवळाच्या कट्ट्यापाशी लिंबाला टांगून घेतलास आणि त्यावर रंगानं तीन रकाने आखलेस. खरं, खोटं, आणि अजून ठरलं नाही. आठवड्यात गावात जी बातमी फिरेल ती पोरांनी तपासायची आणि जागच्या जागी लिहायची. फुकट टॅबलेटचा मेसेज, खोटं. रेशनच्या यादीत नाव जोडायची तारीख, खरं. हळदीनं साप पळतो, अजून ठरलं नाही. त्या सापावर तर म्हातारे भांडायला आले होते.

बापूंना तू वर्गात बोलावलं होतंस, तो दिवस तांड्यातलं कुणी विसरलेलं नाही. आमच्या लोकांचं बैलांवर मीठ-धान्य वाहून नेण्याचं काम होतं, तेव्हा पुढच्या पाण्याची खबर काढायला एक माणूस आधी जायचा. तो परत आला की त्याला बसू द्यायचे नाहीत. उभ्यानं सांगायचं. आणि पहिला शब्द हा, की डोळ्यानं पाहिलं की कानानं ऐकलं. कुठे उभा होतास, उजेड कुठून होता, किती लांबून, हे सगळं. कारण पाणी आहे म्हणावं आणि नसावं, तर पुढच्या मुक्कामाला बैल मरायचे. बापूंनी हे सगळं त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, आणि तेही त्यांनी आधीच सांगितलं, 'हे म्या ऐकलं हाये, देखलं नाही.' तू टाळ्या वाजवल्या होत्यास. अर्पिता आजोबांच्या मांडीला टेकून बसली होती, आठवतं का? आठवीतली घोडी, पण अगदी मांडीला टेकून.

मग तुझी बदली झाली. नवे सर भले आहेत, पण त्यांचा दिवस कागद भरण्यात जातो. शनिवारचा तास बंद पडला. अर्पिता नववीला नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात जायला लागली, तरी फळा तिनं सोडला नाही. शाळेतून आली की दप्तर टाकून कट्ट्यावर. लहान पोरं तिच्या मागं मागं. आणि लोकांना त्या फळ्याचं वेड लागलं बघ. आधी हसायचे, आता फोनवर काही आलं की विचारायला लागले, 'फळ्यावर काय हाये?' फक्त तिसऱ्या रकान्याचा सगळ्यांना कंटाळा. गावचे पुंडलिकराव एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, 'अवं, ठरलं नाही तं लिहिता कायले? आमाले हो का नाही ते सांगा.' लोक हसले. पुंडलिकराव माणूस वाईट नाही, पण त्यांचं वावर मोठं, शब्द त्याहून मोठा. अर्पिताला ते लागलं. पावसाळ्यात रंग उडाला तेव्हा तिनं फळा पुन्हा रंगवला आणि दोनच रकाने आखले. मी विचारलं तर म्हणाली, 'याडी, त्यात लिहिलं का लोक म्हनते आमाले काही समजत नाही.' मीही फार मनावर घेतलं नाही. इतकी कामं होती तेव्हा.

दिवाळीनंतरची गोष्ट. पऱ्हाटी फुटून पांढरी झाली होती, वेचायला बाया मिळत नव्हत्या. एका संध्याकाळी बापू तुरीच्या वावरातून आले ते खांद्यावरचं कांबळं न घेता. पाणी मागितलं नाही, घरात आले नाहीत, सरळ कट्ट्यावर गेले आणि उभे राहिले. मी लांबून पाहिलं, बसले नाहीत. डोळ्यानं पाहिलं, म्हणाले. पुंडलिकरावांच्या कापसामागं नाला वळतो तिथं, पाण्याच्या मोटारीच्या खोलीपासून थोडं खाली. सूर्य माझ्या पाठीशी होता. गवताच्या वर पाठ दिसली, पिवळी, आणि मग शेपटीचं टोक. 'मले वाटते वाघ व्हय. पन तोंड नाही देखलं म्या.' हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं असं मला आज वाटतं. फोनवर वाघ पाठवणारे सगळे ठासून सांगतात. हा एक म्हातारा सगळं पाहून आला आणि जे पाहिलं नाही तेही कबूल करून बसला.

अर्पितानं चौकशी केली. तू शिकवलीस तशीच, एकही प्रश्न सोडला नाही. फोटो आहे का? नाही. सोबत कुणी होतं? नाही. डोळ्याचं ऑपरेशन कधी झालं? बापूंनी उत्तरं दिली, तिच्याकडे बघत, जरा कौतुकानंच. मग ती फोन घेऊन बसली आणि तिला कुठेशी बातमी सापडली, की या भागात वाघ नाही, लोकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये, असं वनखात्यानं कळवलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यावर लिहिलं होतं, नाल्यावर वाघ, आणि वर रकान्याचं नाव खोटं. पुंडलिकराव मुद्दाम तांड्यात आले, फळा वाचला, तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, 'पोट्टी असावी तं अशी. घरच्याचंही ऐकत नाही.' त्या दिवशी वेचणाऱ्या बाया त्यांच्या वावरात गेल्या. तेव्हापासून रोज संध्याकाळी बापू वेशीवर जाऊन बसतात आणि शेवटची बाई परत आली की मग उठतात.

आता जे लिहिते ते कुणाला सांगितलं तर हसतील, तू हसू नकोस. आधी रोही यायचे बंद झाले. दरवर्षी या दिवसांत त्या नीलगाईंचा कळप तूर तुडवून जातो, राखण करून माणसं मेटाकुटीला येतात. यंदा एकही नाही. लोक म्हणाले, बरं झालं, देव पावला. मग डुकरं येईनाशी झाली. मग तांड्यातली कुत्री. दिवस मावळला की एकही कुत्रं बाहेर दिसत नाही, लोकांच्या ओसरीवर येऊन पायाशी घुसतात, मारलं तरी जात नाहीत. लालीबाईची बकरी नाल्याकडून परत आली नाही. त्यावर पोरांनी फळ्यावर लिहिलं, बकरी चोरीला गेली, खरं. कारण मागच्या वर्षी शेजारच्या गावात बकऱ्या चोरीला गेल्या होत्या आणि ते पेपरात आलं होतं. मी अर्पिताला म्हटलं, बाई, हे सगळं एकत्र धरून बघ ना. ती म्हणाली, एकेक तपासायचं असतं, असं जोडत गेलं की काहीही सिद्ध होतं. शिकलेल्या पोरीपुढे आईचं तोंड बंद होतं ते असं. पण चुलीपाशी बसलं की माझे कान नाल्याकडे असायचे. तिकडून माकडांचा आवाज यायचा, जनावर दिसलं की काढतात तो, खोकल्यासारखा, आणि मग सगळं शिवार गप्प व्हायचं.

तुझी विद्यार्थिनी तुझ्यासारखीच, हे खरं. तिच्याही मनात काही तरी कुरतडत होतं. आजोबा बोलतात पण तिच्याकडे बघत नाहीत, हे तिला सहन होईना. एक दिवस तिनं ती बातमी पुन्हा उघडली आणि माझ्यासमोर फोन धरून रडायला लागली. बातमी पाच-सहा वर्षं जुनी होती. आणि वनखात्याच्या ज्या ऑफिसचं नाव होतं ते दुसऱ्याच तालुक्याकडचं. तिनं तारीख पाहिलीच नव्हती. जे तू पहिल्या दिवशी शिकवलंस तेच. मी म्हटलं, चूक झाली, पुसून टाक, संपलं. पण ती म्हणाली, पुसून काय लिहू? खोटं नाही म्हणजे खरं होत नाही. आणि तिसरा रकाना तिनंच काढून टाकला होता. मी म्हटलं, पुन्हा आख. तर म्हणाली, आता आखला तर लोक म्हणतील आजोबासाठी आखला. मग अश्रू पुसले, आणि तो चेहरा केला, तुला माहीत आहे तो, ओठ आत घेतलेला. मला तेव्हाच भीती वाटायला हवी होती.

शाळेतून येताना ती रस्ता सोडून नाल्यात उतरली. वळणावरच्या चिखलात तिला ठसा सापडला. तिनं त्याच्याशेजारी कंपास पेटीतली पट्टी ठेवली आणि फोटो काढला. आकार कळायला बाजूला काही तरी ठेवावं, हेही तुझंच. उज्ज्वला, तो ठसा जवळजवळ त्या पट्टीएवढा दिसतो. तो फोटो घेऊन ती कट्ट्यावर गेली, फळ्यावरचं खोटं पुसलं, आणि सगळ्यांना फोन दाखवत फिरली. आणि लोक काय म्हणाले सांगू? जे तिनं त्यांना दोन वर्षं शिकवलं तेच म्हणाले. हे कुठचं आहे? यात आपलं गाव कुठे दिसतं? चिखल काय, कुठेही असतो. पुंडलिकराव तर हसत म्हणाले, 'बाप्पा, आमाले फसवून राह्यली का? तूच तं सांगतलं का फोटोवर भरोसा ठेवू नोका.' आमच्या ह्यांनी वनरक्षकांना फोन केला. ते बिचारे लगेच आले, पण तोवर गुरं पाण्यावर जाऊन आली होती, सगळा चिखल तुडवलेला. ते म्हणाले, आता काहीच सांगता येत नाही, कॅमेरे लावायला वरून मंजुरी घेतो, तोवर नाल्याकडे जाऊ नका. लोकांनी त्यातलं सांगता येत नाही एवढंच ऐकलं आणि त्याचा अर्थ नाही असा केला. कुणीतरी पोरानं फळ्यावर पुन्हा खोटं लिहून टाकलं. त्याखाली लहान अक्षरात, अर्पिताचं.

तेव्हापासून ती माझी राहिली नाही. जेवते, अभ्यास करते, केस विंचरून घेते, पण डोळे कुठेतरी भलतीकडे. तिनं ठरवलंय, असा फोटो पाहिजे ज्यात जागा ओळखू येईल. पुंडलिकरावांची मोटारीची खोली, तिचं ते निळं दार, आणि समोर जनावर. मग कुणाला कुठूनही उचलला म्हणता येणार नाही. हे तिनं मला भाजी निवडता निवडता सांगितलं, शाळेचा प्रकल्प सांगावा तसं. मी ओरडले, ह्यांनी हात उगारला, फोन कुलपात ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं कुलूप न तोडता फोन काढला, किल्ली कुठे असते ते तिला माहीत आहे. मी म्हटलं, त्या रस्त्यानं शाळेत नाही जायचं, तर म्हणाली, दुसरा रस्ता आहे का? आणि नाहीच. बापूंनी तिला एवढंच सांगितलं, 'माया शब्दासाठी जात असशीन तं नोको जाऊ. मले नाही पाहिजे.' ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही, खरं काय ते कळायला जाते. म्हाताऱ्यानं मान खाली घातली. तिला त्या वाक्यात काय आहे ते कळलं नसेल, पण मला कळलं, की आता ती आमच्यापैकी कुणाच्याच सांगण्यानं थांबणार नाही.

काल शनिवार. सकाळची शाळा. दुपारी आली ती चेहऱ्यावर पुन्हा तोच जुना आनंद घेऊन, पहिल्या शनिवारी होता तसा. याडी, नवा ठसा सापडला, एकदम ताजा, कडा बघ किती धारदार आहेत, आत पाणीसुद्धा भरलं नाही अजून. मी हात पुसून फोन घेतला. ठसा होता, तसाच मोठा, पट्टीही होती. पण त्याखाली आणखी काही तरी होतं. चिखलात फुलाफुलांची नक्षी उमटली होती, ठशाच्या पुढून आणि मागून थोडी थोडी बाहेर आलेली. महागावच्या बाजारातून दिवाळीला मी तिला ज्या चपला घेतल्या, त्यांच्या तळाला ती नक्षी आहे. ती सकाळी शाळेत जाताना वळणावर उतरली होती, काही न सापडता पुढे गेली होती, आणि तिच्या पावलावर नेमकं ते पाऊल पडलं होतं. नंतर. ती गेल्यानंतर. तिनं तोही फोटो काढला, पुढचाही, त्याच्या पुढचाही, कारण पुरावे जितके जास्त तितके चांगले. तीन फोटो मी पाहिले. तिच्या चपलांची नक्षी खाली, आणि त्यावर ते पाऊल. शाळेच्या रस्त्याच्या दिशेनं. मी तिला दाखवलं. तिनं पाहिलं आणि म्हणाली, म्हणजे सकाळी ते जवळच होतं, उद्या लवकर गेले तर दिसेल.

आज उजाडताना ती अंथरुणात नव्हती. बापू माझ्याआधी उठले होते. म्हातारा काठी न घेता धावत गेला ग. धुऱ्यावर, वावराच्या बांधाशी, त्यांनी तिला गाठलं, नाल्याच्या अलीकडे, आणि दंड धरून आणलं. वाटेत माकडं ओरडत होती, आणि ओरडणं त्यांच्याबरोबर तांड्याच्या बाजूनं सरकत येत होतं, असं बापू म्हणाले. डोळ्यानं काही पाहिलं नाही, कानानं ऐकलं, हेही म्हणाले. मग त्यांनी खाट दारात टाकली. वनरक्षकांना फोन केलाय, ते उद्या दुपारपर्यंत येतील, कॅमेऱ्याला अजून काही दिवस लागतील. मी तांड्यातल्या बायांच्या दारोदार फिरले, नवे फोटो दाखवले. दोघी-तिघींनी डोळे मोठे केले, बाकीच्यांनी विचारलं, फळ्यावर काय आहे? उद्या पुंडलिकरावांकडे राहिलेल्या कापसाची वेचणी आहे. आणि उद्या शाळा आहे. किती दिवस कोंडून ठेवू? दाराला खाट लावता येते, मागची भिंत कुडाची आहे आणि पोर चौदा वर्षांची.

म्हणून हे पत्र. फोन करता आला असता, पण घरात सिम असलेला फोन एकच आणि तो ती उघडून सगळं बघते, आणि तू फोनवर माझ्याशी वाद घातला असतास. कागदाशी वाद घालता येत नाही. उज्ज्वला, तू तिच्याशी खोटं बोल. ती आता जगात फक्त तुझंच ऐकेल. ह्यांच्याजवळ मी घरातला जुना, बिनसिमचा फोन दिलाय, त्यात मोटारीच्या खोलीचे, निळ्या दाराचे, नाल्याच्या वळणाचे फोटो आहेत, आमचे हे सकाळी उजेडात लांबून काढून आले. त्यातल्या एकात वाघ बसवून घे. आता असं फोनवरच करता येतं म्हणे, तुझ्या शाळेत कुणाला तरी येत असेल. आणि तो तिला पाठव, आज रात्रीच, सांग की वनखात्यात तुझ्या ओळखीचं कुणी आहे, त्यांच्याकडून आला, आता पुराव्याची गरज उरली नाही, फळ्यावर खरं लिही आणि घरात बस. बायाही मग जाणार नाहीत. ती तपासेल. तारीख बघेल, सावली कुठल्या बाजूला पडते ते बघेल, तोच वाघ आणखी कुठे सापडतो का ते शोधेल. काय काय शोधेल ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून तुलाच सांगते, ती सगळी भोकं बुजव. तुला हे किती जड जाईल ते मला कळतं. त्या पोरीला खोटं ओळखायला तू शिकवलंस आणि तिला ओळखता येणार नाही असं खोटं मी तुझ्याकडेच मागते आहे. कायमचं पुरायला नको, कॅमेरे लागेपर्यंत पुरलं तरी झालं. पुढे कधीतरी ती पकडेलच. मोठी होईल, यवतमाळला नाही तर नागपूरला शिकेल, एखाद्या दिवशी तो फोटो पुन्हा उघडून बघेल आणि तुला विचारेल, मॅडम, तुम्हीसुद्धा? तेव्हा सगळं माझ्यावर ढकल. माझ्याशी जन्मभर बोलली नाही तरी चालेल. रागावून का होईना, न बोलायला ती असू दे.

तुझीच,
संगीता